पेशी वाढल्या, पण ऑर्डर कुणाची?

"ऐकलंत का आत्या? चौथ्या घरातल्या जावयाच्या पांढऱ्या पेशी चौदा हजार निघाल्या!"

भिंतीपलीकडे आत्या उन्हात मटार सोलत बसल्या होत्या. जानेवारीत जबलपूरच्या रांझीत बायकांना दुसरं सुचतच नाही. मटाराचा भाव उतरला की घरोघरी पोती येतात आणि कंपाउंडच्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना टोपल्या लागतात. हात गुंतलेले, तोंड मोकळं. आत्या कुणाच्याच सख्ख्या आत्या नाहीत. त्यांची उभी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काचपट्ट्या बघण्यात गेली, म्हणून मोहल्ल्यातला कुठलाही रिपोर्ट डॉक्टरांच्या आधी त्यांच्या चष्म्याखालून जातो.

"चौदा हजार? बरं मग?"

"मग काय! सासूबाईंनी रडून घर डोक्यावर घेतलंय. दुधवाल्या भैयानं सांगितलं म्हणे, ब्लड कॅन्सरमध्ये अशाच वाढतात."

"दुधवाल्यानं दुधातलं पाणी सांगावं. ताप आहे का पोराला?"

"आहे की. घसा सुजलाय, थुंकी गिळवत नाही."

"म्हणजे घशात जंतू बसलेत. मग पेशी नाही वाढणार तर काय वाढणार, पगार? एका घन मिलिमीटर रक्तात चार ते अकरा हजार हा नेहमीचा हिशेब. जंतू शिरले, शरीरानं माल मागवला, माल आला. त्याच्या न्यूट्रोफिल किती टक्के आहेत?"

"ब्याऐंशी. आणि खाली काहीतरी 'लेफ्ट शिफ्ट' लिहिलंय. त्यालाच तर घाबरलेत सगळे."

"अगं, त्याचा अर्थ एवढाच की अस्थिमज्जेतून घाईघाईनं कोवळ्या पेशीसुद्धा बाहेर पाठवल्यात. मागणी जोरात असली की पुरता तयार न झालेला मालही दाराबाहेर पडतो. आकड्याला कशाला घाबरायचं? आधी विचारायचं, ऑर्डर कुणी दिली."

'ऑर्डर' हा शब्द कानावर पडला आणि आमचे हे पेपर घेऊन बाहेर आले. सगळी नोकरी व्हीकल फॅक्टरीत झालेली. रिटायर झाले तरी इंडेंट, ऑर्डर, चेसिस हे शब्द ऐकले की पाय आपोआप वळतात.

"कुणाची ऑर्डर आत्या? फॅक्टरीला मिळाली का काही?"

"तुमच्या नाही हो, हाडातल्या फॅक्टरीला. ती कधी बंद पडत नाही. मोठ्या माणसाच्या अस्थिमज्जेत नुसत्या न्यूट्रोफिलच दिवसाला दहा हजार कोटींच्या घरात तयार होतात. आणि रक्तात आल्यावर आयुष्य म्हणाल तर तासांत मोजायचं, फार तर एखाद-दोन दिवस."

"म्हणजे पेन्शनचा खर्चच नाही!" हे खूश झाले.

"खर्च नाही, पण शिस्त बघा. पाठीचे मणके, कंबरेचं हाड, बरगड्या, छातीचं हाड यांच्या आत मूळ पेशी असतात. त्या थोड्याच. त्यांतूनच लाल पेशी, प्लेटलेट, आणि पांढऱ्यांतल्या न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, मोनोसाइट, लिम्फोसाइट, सगळं गणगोत निघतं. आता कुठली पेशी किती बनवायची हे सांगणारी बारीक बारीक प्रथिनं असतात. सायटोकाईन म्हणतात त्यांना."

मी मटाराची शेंग तशीच हातात धरली. "सायटोकाईन? अहो, तेच ना ते कोविडमधलं वादळ? २०२१ मध्ये उठता-बसता ऐकत होतो आपण. त्यानंच तर फुप्फुसं गेली लोकांची."

"बदनाम झाली बिचारी! घरातला माणूस रोज गपचूप काम करतो तेव्हा कुणी नाव काढत नाही, एक दिवस ओरडला की मोहल्लाभर बोभाटा. तेव्हा त्यांतली काही, विशेषतः इंटरल्यूकिन-६, प्रमाणाबाहेर उसळली होती. म्हणून काही पेशंटांना तिला अडवणारी औषधं दिली. पण रोजच्या कामातही तीच असतात. ताप चढवायचा, यकृताला सीआरपी नावाचं प्रथिन बनवायला लावायचं, मज्जेला पेशी बनवायला लावायचं, ही सगळी त्यांचीच कामं. जावयाच्या घशात सध्या तेच चाललंय. तिथल्या पेशींनी जंतू ओळखले, त्यांनी आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरानं जी-सीएसएफ नावाचं प्रथिन सोडलं. ते रक्तातून मज्जेत पोचलं आणि न्यूट्रोफिलची लाइन दुप्पट वेगानं चालू झाली."

ह्यांनी पेपराची घडी घातली. ही खूण मी ओळखते. आता भाषण येणार. "म्हणजे बघा आत्या, आमच्याकडे शक्तिमान गाडीची चेसिस एकच. इंडेंट येईल तसं तिच्यावर काय चढवायचं ते ठरायचं. कधी जवान न्यायचा ट्रक, कधी पाण्याचा टँकर, कधी अॅम्ब्युलन्स. चेसिस ती मूळ पेशी आणि इंडेंट म्हणजे तुमचं ते जी-सी... काय ते."

"शंभरपैकी सत्तर मार्क!" आत्या म्हणाल्या. "उरलेल्या तिसांवर मोठे मोठे शास्त्रज्ञ चाळीस वर्षं भांडले."

भांडण म्हटल्यावर मी टोपली भिंतीला आणखी चिकटवली. "कोण भांडले? कुठले?"

"सगळी हकीकत सांगते. ऑस्ट्रेलियात मेलबर्नला डोनाल्ड मेटकाफ नावाचे एक शास्त्रज्ञ होते. त्यांच्या ओळखीचे रे ब्रॅडली. ते ब्रॅडली आगरमध्ये, म्हणजे आपण खरवसासारखी वडी करायला चायना ग्रास आणतो ना, त्यात उंदराच्या कर्करोगाच्या पेशी वाढवायला बघत होते. सोबत मज्जेच्या पेशी ठेवल्या. कर्करोग राहिला बाजूला आणि मज्जेच्याच पेशींची गोल गोल वस्ती उगवली! बघतात तर पांढऱ्या पेशी. म्हणजे मज्जेच्या पेशींना कुठून तरी 'वाढा' असा निरोप मिळत होता. हे साधारण १९६५-६६ चं."

"मग भांडण कुठंय यात?"

"थांब की. त्याच सुमारास इस्रायलमध्ये वाइझमन इन्स्टिट्यूटमध्ये लिओ साक्स आणि डोव्ह प्लुझनिक यांनाही तेच दिसलं, स्वतंत्रपणे. म्हणजे एकाच मुलीला दोन स्थळं. आधी कुणी पाहिली यावर दोन्हीकडचे लोक कायम हळवे. पण मेटकाफांची चिकाटी जबरदस्त. १९५४ मध्ये कर्करोग परिषदेची एक फेलोशिप मिळाली, ती २०१४ मध्ये वारेपर्यंत तीच एक!"

"साठ वर्षं एका पोस्टवर? प्रमोशन नाही?" ह्यांचा चेहरा पडला.

"हवंच नव्हतं. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तो निरोप देणारा पदार्थ शोधायला सुरुवात केली. तो इतका थोडा असतो की गाळून गाळून वर्षं गेली. शेवटी एक नाही, चार निघाले. एक न्यूट्रोफिलकडे झुकणारा, तोच जी-सीएसएफ; एक जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींकडे, तो एम-सीएसएफ; एक दोघांकडे आणि चौथा इंटरल्यूकिन-३, तो जवळजवळ सगळ्यांच्या मागे लागणारा. १९८६ मध्ये माणसाच्या जी-सीएसएफचं जनुक हाती आलं, एकाच वर्षी जपान आणि अमेरिका अशा दोन्हीकडे."

"परत दोन स्थळं!"

"या घराण्याला ती खोडच आहे."

तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली. मी आत जाऊन गॅस बारीक करून आले तोवर ह्यांनी आत्यांना गाठलंच होतं. "माझे तीस मार्क कुठं कापले ते सांगा."

"तुम्ही म्हणता इंडेंट आलं की चेसिसवर काय चढवायचं ते ठरतं. पण दुसरं मत असं होतं की पेशी आपली आपण कुठल्या तरी वाटेला लागते. प्रथिन फक्त त्या वाटेवरच्या पेशींना जगवतं आणि बाकीच्या मरतात. शेवटी हिशेबाला न्यूट्रोफिलच दिसतात, पण त्यानं ठरवलं की नुसतं निवडलं, हे कसं कळणार?"

"प्रत्येक गाडीमागे एक इन्स्पेक्टर उभा करायचा."

"तेच केलं! म्युनिकमध्ये टिम श्रोडर यांच्या गटानं एकेका पेशीवर दिवसचे दिवस कॅमेरा रोखला. तिची मुलं, नातवंडं, सगळी वंशावळ पाहिली. कोण मेलं, कोण जगलं, कोण काय झालं. २००९ मध्ये त्यांनी दाखवलं की जी-सीएसएफ आणि एम-सीएसएफ ही प्रथिनं पेशीला खरोखर वाट दाखवतात, नुसती गर्दीतून निवडत नाहीत. म्हणजे त्या दोघांपुरते तुमचे मार्क परत. पण सगळ्या सायटोकाईनचं तसंच असतं असं नाही. पेशीच्या आतलं तिचं तिचं काही असतंच, आणि काही प्रथिनं तगवण्याचंच काम करतात. बऱ्याच लिम्फोसाइटना इंटरल्यूकिन-७ मिळालं नाही तर त्या वाढतही नाहीत आणि टिकतही नाहीत."

"आणि दुसरा फरक," आत्या पुढे म्हणाल्या, "तुमचं इंडेंट दिल्लीहून यायचं. इथं दिल्लीच नाही. ज्याच्या अंगणात आग लागते तो हाक मारतो. घशात जंतू आले तर न्यूट्रोफिलची हाक. पोटात जंत किंवा अंगात अॅलर्जी असली की इंटरल्यूकिन-५ सुटतं आणि मज्जा इओसिनोफिल बनवायला लागते."

"अगंबाई! म्हणजे आमच्या बबलीचे इओसिनोफिल बारा टक्के येतात ते?"

"येणारच. दर दिवाळीला शिंका, रात्री खोकला, छातीत घरघर. मूळ कारण अॅलर्जी आहे का जंत, ते डॉक्टरांनी बघायचं. हत्तीरोगाच्या जंतानंही फुप्फुसात इओसिनोफिल भरून रात्रीचा खोकला येतो, तो आपल्या देशात चांगला ठाऊक आहे. काहींना दम्याचा फार त्रास असतो आणि त्यात इओसिनोफिल वाढलेले असतात. त्यांच्यासाठी आता इंटरल्यूकिन-५ लाच अडवणारं इंजेक्शन निघालंय. परदेशात २०१५ पासून मान्य आहे. पण महाग. बबलीला आधी उशीचा कापूस बदल."

मी मनात नोंद केली. मग आवाज उतरवून विषय काढला, जो खरं तर सकाळपासून पोटात होता. "आत्या, टाइप थ्री क्वार्टरमधल्या काकूंना केमोनंतर पेशी वाढवायचं इंजेक्शन दिलं. तेव्हापासून कंबर धरून बसल्यात. शेजारीण म्हणते, औषध लागलं नाही, हाडात रोग उतरला."

"जीभ आवरा म्हणावं त्या शेजारणीला! तेच आहे ते जी-सीएसएफ. मघाशी सांगितलं ना, जनुक सापडलं. ते जिवाणूंत घालून त्यांच्याकडूनच हे प्रथिन बनवून घेतात. १९९१ मध्ये अमेरिकेत औषध म्हणून आलं, फिलग्रास्टिम. या शतकाच्या सुरुवातीपासून भारतातल्या कंपन्याही बनवतात, म्हणून तर आता आपल्या गावात मिळतं. केमो कर्करोगाच्या पेशी मारते तशी मज्जेतल्या वेगानं वाढणाऱ्या पेशींनाही मारते. आठवडा-दोन आठवड्यांत न्यूट्रोफिल तळाला जातात. पाचशेच्या खाली गेल्या की साधा जंतूसुद्धा जिवावर बेतू शकतो. तेव्हा हे इंजेक्शन मज्जेला सांगतं, ऊठ, बनव. मज्जा कुठं असते? कंबरेच्या हाडात, मणक्यांत. मग दुखणार कुठं?"

"म्हणजे दुखतंय ते काम चालल्याचं?"

"बहुतेक वेळा तसंच. पण डॉक्टरांना सांगायचं, ते गोळी देतील. आणि डाव्या बाजूला बरगडीखाली किंवा खांद्याला जोरात दुखलं तर मात्र थांबायचं नाही. प्लीहा सुजलेली असू शकते. आणखी एक ऐक. केमो चालू असताना ताप १००.४ फॅरनहाइट झाला की पपईच्या पानाचा रस, काढा, उद्या बघू, यातलं काही नाही. मध्यरात्र असली तरी रिक्षा काढायची आणि हॉस्पिटल गाठायचं. पेशी नसताना पू होत नाही, घसा सुजत नाही, ताप ही एकच खूण उरते."

"पपईचा रस तर दोन दिवस चाललाय," मी म्हणाले.

"बंद कर म्हणावं. आधीच पेशी कमी, त्यात कच्चा, न उकळलेला रस!"

हे मधेच म्हणाले, "ते इंजेक्शन रोज घ्यावं लागतं ना? काकांचे फार पैसे गेले म्हणे."

"साधं असलं तर रोज. दुसरं एक आहे, त्याच प्रथिनाला एक लांब शेपटी जोडलेलं, पेगफिलग्रास्टिम. ते केमोच्या एका फेरीला एकदाच. त्याची गंमत ऐका. मूत्रपिंड त्याला सहज बाहेर टाकू शकत नाही. मग जातं कसं? न्यूट्रोफिलच त्याला गिळतात! पेशी नाहीत तोवर औषध रक्तात बसून मज्जेला टोचत राहतं; पेशी भरपूर झाल्या की त्याच त्याला संपवतात."

"म्हणजे माल तयार झाला की मालच इंडेंट फाडून टाकतो!" ह्यांनी मांडीवर थाप मारली. "आमच्याकडे असतं तर यार्डात एवढ्या गाड्या उभ्या राहिल्या नसत्या."

"हेच इंजेक्शन निरोग्यालाही देतात. टाटा हॉस्पिटलमध्ये १९८३ मध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी भारतात मज्जारोपण सुरू केलं, तेव्हा दात्याच्या कंबरेच्या हाडात सुया घालून मज्जा काढत. आता बहुतेक ठिकाणी दात्याला चार-पाच दिवस जी-सीएसएफ देतात. मूळ पेशी मज्जेतून रक्तात उतरतात आणि मशीन त्या वेचून घेतं."

भिंतीच्या टोकाला आमची मंडल्याची बाई भांडी घासता घासता ऐकत होती. तिच्या बहिणीच्या मुलीला सिकलसेल हा रक्ताचा आजार आहे. तिनं हिंदीत विचारलं, माझ्या भाचीलाही हे टोचलं तर बरी होईल का.

आत्यांनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि तिच्याकडे वळून सावकाश समजावलं. तिला हे द्यायचं नाही. सिकलसेलच्या रक्तात आधीच सगळं चिकटतं, अडतं. त्यात न्यूट्रोफिल वाढवल्या तर मोठा अॅटॅक येऊ शकतो. जगात त्यानं माणसं दगावली आहेत. उलट सिकलसेलवाल्यांच्या पेशी ताप नसतानाही बऱ्याचदा वाढलेल्याच असतात, कारण आत कायम धुसफूस चालू असते आणि ऑर्डर बंद होत नाही. तिच्या पेशी वाढलेल्या दिसल्या तर डॉक्टरांना आधी सिकलसेल सांगायचं. आणि सिकलसेलचं कार्ड करून घ्यायचं. १ जुलै २०२३ ला शहडोलहून सरकारनं सिकलसेलची मोहीम सुरू केली, तपासणी फुकट होते. नागपूर रोडवरची आदिवासी आरोग्याची संस्थाही यावर वर्षानुवर्षं काम करते आहे.

बाईनं मान डोलावली आणि कढई आणखी जोरात घासायला घेतली.

"आत्या, यात आपलं मराठी माणूस कुणी नाही का?" मला राहवेना. "सगळं मेलबर्न आणि म्युनिकच!"

"आहे तर! पुण्याला विद्यापीठाच्या आवारात पेशी विज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे, एनसीसीएस. तिथं मोहन वाणी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इंटरल्यूकिन-३ वर काम केलं. आपल्या हाडात हाड कुरतडणाऱ्या पेशी असतात, ऑस्टिओक्लास्ट. त्या आणि मॅक्रोफेज, दोघी एकाच वाटेवरच्या बहिणी. वाणींच्या गटानं २००३ मध्ये उंदराच्या पेशींवर दाखवलं की इंटरल्यूकिन-३ मिळालं की हाड कुरतडायला निघालेली कोवळी पेशी तो रस्ता सोडते आणि मॅक्रोफेज होते. आणि एकदा वळली की परत फिरत नाही."

"म्हणजे माझ्या गुडघ्याला—"

"तुझ्या गुडघ्याला जिने कमी आणि वजन कमी. ते प्रयोगशाळेतलं काम आहे, मेडिकल स्टोअरमध्ये मिळत नाही. पण एवढं कळलं ना, की पेशीचं नशीब जन्मापासून ठरलेलं नसतं. कोणाचा निरोप कधी पोचला यावर असतं."

"आणि सांधेदुखीवाल्या मामी? त्यांना ना ताप ना काही, तरी पेशी तेरा हजार."

"स्टेरॉईडच्या गोळ्या घेतात ना? त्यात मज्जेनं फार काही नवीन बनवलेलं नसतं. रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेल्या न्यूट्रोफिल सुटून मधल्या प्रवाहात येतात आणि मोजणीत सापडतात. आहे त्यांचीच हजेरी नव्यानं लागली. म्हणून म्हणते, आकडा सगळ्यांचा सारखा दिसतो, पाठीमागची कहाणी वेगळी. जंतू, जंत, अॅलर्जी, गोळ्या, सिकलसेल, आणि हो, कधी कधी खरोखरच ब्लड कॅन्सर. त्यात गोची हीच की पेशी ऑर्डरशिवाय बनत सुटतात. निरोप नसतानाही निरोप आल्यासारख्या. तिथं काचपट्टीवर ओळखू येतात अशा अगदी कच्च्या पेशी दिसतात, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट कोसळतात, हिरड्यांतून रक्त येतं, माणूस खंगतो. जावयाच्या रिपोर्टात यातलं काही आहे?"

"नाही. हिमोग्लोबिन चौदा, प्लेटलेट अडीच लाख."

"मग जा आणि सांग त्या सासूला. डॉक्टरांनी दिलेलं औषध पुरतं घ्यायचं, ताप उतरल्यावर काही दिवसांनी पुन्हा सीबीसी करायची. आकडा खाली आला तर प्रश्न मिटला. ताप नाही, घसा नाही आणि तरी आकडा वरच राहिला, तर मोठ्या डॉक्टरांकडे. आणि दुधवाल्याचा सल्ला बंद."

मी निघाले. फाटकाशी पोचले तोच मागून हाक आली.

"अगं, सांगून झालं की सरळ इकडेच ये. सहाव्या घरातल्या थोरल्या सुनेचं सामान टेम्पोत चढताना पाहिलंय मी सकाळी. माहेरी चाललीय की वेगळं बिऱ्हाड थाटतेय, त्याचा छडा लावायचाय!"